कूलरच्या ब्रॅकेटवर जाळी विणताना

मार्च संपत आला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. ताट्या बदलायच्या, टाकीतला गंज खरवडायचा, पंप चालतो का ते पाहायचं आणि मग दोघातिघांनी मिळून ते धूड खिडकीबाहेरच्या लोखंडी ब्रॅकेटवर चढवायचं. यंदा आमच्याकडे ही गडबड चालू असताना माझी भाची लॅपटॉप उघडून बसली होती. ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिने हाच ब्रॅकेट घेतलाय: भरलेल्या कूलरखाली तो किती वाकतो आणि त्यात ताण किती येतो.

"मामा, मेश होऊनच नाही राहिली. तीन तास झाले."

मी पाहिलं तर पडद्यावर अख्खा कूलर उभा होता. पंख्याची पाती, जाळीची एकेक पट्टी, स्क्रूचे आटे, एवढंच काय, बटणावरची उठावाची अक्षरंसुद्धा. मॉडेल सुंदर होतं, मेहनत दिसत होती. पण प्रश्न ब्रॅकेटचा होता, आणि त्या गर्दीत ब्रॅकेट शोधावा लागत होता.

मी गेली अठरा वर्षं याच कामात आहे, म्हणजे वस्तूंचे संगणकावर तुकडे पाडून त्यांच्यातला ताण मोजण्याच्या. त्या दुपारी तिला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग सॉफ्टवेअरच्या बटणांमध्ये सापडत नाही.

आधी मुळातली गोष्ट. सरळ दांडी भिंतीत रोवून तिच्यावर वजन ठेवलं तर ती किती वाकेल याचं सूत्र पुस्तकात आहे. पण दांडीला भोकं पाडली, मध्येच वाकवली, तिला पट्ट्या जोडल्या, की सूत्र संपतं. मग उपाय असा: त्या वेड्यावाकड्या वस्तूचे लहान लहान, साध्या आकाराचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा ढकलला तर किती दबेल हे आपल्याला ठाऊक असतं. तुकडे एकमेकांना कोपऱ्यांवर जोडायचे, सगळ्या कोपऱ्यांची समीकरणं मांडायची आणि ती संगणकाकडून एकदम सोडवून घ्यायची. तुकडा म्हणजे एलिमेंट, कोपरा म्हणजे नोड, आणि सगळं मिळून होते ती मेश, म्हणजे जाळी. पिळल्या जाणाऱ्या दांडीसाठी अशी त्रिकोणांत विभागणी करण्याची कल्पना रिचर्ड कूरंट या गणितज्ञाने १९४३ साली मांडली. १९५६ मध्ये टर्नर, क्लॉ, मार्टिन आणि टॉप यांनी ती विमानाच्या रचनेसाठी वापरून दाखवली, आणि १९६० मध्ये रे क्लॉ यांनी तिला फायनाइट एलिमेंट हे नाव दिलं.

ठोस तुकड्यांच्या जाळीत प्रत्येक नोड तीन दिशांना हलू शकतो, म्हणजे एका नोडमागे तीन समीकरणं. एक लाख नोड असले की तीन लाख. बटणावरच्या उठावाच्या अक्षरांना जाळीत बसवायचं तर अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे लागतात, आणि नोडची संख्या फुगते ती तिथेच. तिच्या लॅपटॉपचं घोडं तिथे अडलं होतं.

बनवायचं मॉडेल वेगळं, मोजायचं मॉडेल वेगळं

कारखान्यासाठी काढलेल्या मॉडेलमध्ये काहीही सोडून चालत नाही. यंत्रावर वस्तू कापणाऱ्याला प्रत्येक गोलाई, प्रत्येक चॅम्फर (तिरपी छाटलेली कड) हवा असतो. मोजणीच्या मॉडेलचा धर्म उलटा आहे. तिथे विचारायचं असतं: हा तपशील माझ्या प्रश्नाचं उत्तर बदलेल का? नसेल बदलत तर तो काढून टाकायचा. आमच्याकडे याला डीफीचर करणं म्हणतात, आणि नवीन मुलांना हेच सगळ्यात जड जातं. काढलेली रेघ खोडायला जीव धजत नाही.

पंखा तिने काढला, पण त्याचं वजन राहिलं पाहिजे. टाकी काढली, पण पाणी राहिलं पाहिजे. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, पत्रा-मोटर-पंख्याचे चाळीस धरू, एकूण शंभर. ब्रॅकेट दोन, म्हणून एकावर पन्नास किलो, म्हणजे साधारण ५०० न्यूटन. अख्खा कूलर या एका आकड्यात मावला. पाच मिनिटांपूर्वी जिथे हजारो पृष्ठभाग होते तिथे आता एक बाण होता.

पण खोडण्यालाही विवेक लागतो. बाहेरच्या कडेवरची गोलाई काढली तर सहसा काही बिघडत नाही. आतल्या कोपऱ्यातली गोलाई, जिथे दोन भाग काटकोनात भेटतात ती, डोळे मिटून काढायची नाही. ताण तिथेच गोळा होतो. दोन्ही गोलाया दिसायला सारख्याच असतात. सॉफ्टवेअरला "३ मिलिमीटरपेक्षा लहान सगळ्या गोलाया काढ" असं सांगितलं की ते दोन्ही काढून टाकतं, आणि दिसायला छान अशी जाळी तयार होते.

खोडून झाल्यावर जे उरतं ते कसं मांडायचं, हा पुढचा प्रश्न. आमचा ब्रॅकेट ५०×५०×५ मिलिमीटरच्या अँगलचा, म्हणजे काटकोनात जोडलेले दोन पाय असलेल्या एल आकाराच्या दांडीचा, भिंतीतून ६०० मिलिमीटर बाहेर आलेला. हा अँगल तीन प्रकारे मांडता येतो. एक म्हणजे नुसती रेघ. रेघेला सांगायचं की तुझा छेद अमुक आकाराचा आहे. हे बीम एलिमेंट, दहा तुकड्यांत काम होतं. दुसरा प्रकार म्हणजे जाडी नसलेला पत्रा. अँगलच्या दोन्ही पायांचे मधले पृष्ठभाग काढायचे, त्यांच्यावर चौकोन विणायचे आणि प्रत्येक चौकोनाला सांगायचं की तू ५ मिलिमीटर जाड आहेस. हे शेल. पाच मिलिमीटरचे चौकोन घेतले तर साधारण २,३०० होतात. तिसरा प्रकार म्हणजे खरोखरचा घन आकार. ५ मिलिमीटरच्या जाडीत निदान दोन-तीन थर तरी हवेत, म्हणून २ मिलिमीटरचे ठोकळे घ्यायचे. अँगलचा छेद ४८० चौरस मिलिमीटरच्या आसपास, लांबी ६००, एका ठोकळ्याचं घनफळ ८. भागाकार येतो जवळपास ३६,०००.

दहा, तेवीसशे आणि छत्तीस हजार. अँगल तोच.

कोणतं मॉडेल चांगलं, असं भाचीने लगेच विचारलं. ब्रॅकेट किती वाकतो एवढंच हवं असेल तर दहा तुकड्यांची रेघ पुरते, आणि ती छत्तीस हजारांच्या मॉडेलपेक्षा निर्धास्तपणे वापरावी. बोल्टच्या भोकाजवळ अँगलचा पाय कसा मुडपतो ते पाहायचं तर शेल. वेल्डच्या पायथ्याशी काय होतंय हे हवं असेल तरच घन. वर्धा रोडवरचा मेट्रोचा दुमजली उड्डाणपूल रोज पाहता ना? ३.१४ किलोमीटरचा, २०२२ साली गिनीज बुकात गेलेला. तो अख्खा पूल घन ठोकळ्यांनी विणायला निघालं तर आयुष्य सरेल. अशा पुलाचं एकूण वागणं रेघांनी नि पत्र्यांनी मांडायचं आणि खांबावरच्या एखाद्या जोडापुरती घन जाळी विणायची, हीच रीत आहे.

आरशातल्यासारख्या दोन बाजू असतील आणि वजनही तसंच असेल, तर अर्धीच वस्तू मांडायची. हे सोपं आहे, त्यावर जास्त थांबत नाही.

थांबायला हवं ते न दिसणाऱ्या फटींपाशी. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घन वस्तू म्हणजे आतून भरीव काही नसतं. ती असते पृष्ठभागांची शिवलेली पिशवी. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना, स्टेप फाईल (अशा देवाणघेवाणीसाठीचीच फाईल) करून सुद्धा, शिवण कधीकधी उसवते. दोन पृष्ठभागांमध्ये केसाच्या हजाराव्या भागाएवढी फट पडते. डोळ्याला दिसत नाही, पण जाळी विणणाऱ्या प्रोग्रामला ती खरी वाटते, आणि तो एक तर अडून बसतो किंवा त्या फटीच्या दोन्ही काठांवर वेगवेगळे नोड ठेवतो. दुसरं जास्त घातक. कारण मग जाळी पूर्ण दिसते, पण तिथे दोन तुकडे एकमेकांना लागलेले असून जोडलेले नसतात. कागदावर भक्कम असलेला जोड गणितात चिरलेला असतो.

ही चीर पकडायची एक युक्ती मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवली आणि मी ती आजही प्रत्येक मॉडेलवर वापरतो. वस्तूला कुठेही न टेकवता, हवेत मोकळी सोडून तिच्या कंपनांच्या वारंवारिता काढायच्या. मोकळी वस्तू न वाकता सहा प्रकारांनी हलू शकते: तीन दिशांना सरकू शकते, तीन अक्षांभोवती फिरू शकते. म्हणून पहिल्या सहा वारंवारिता शून्य यायला हव्यात, सातवी खरी. सातवीसुद्धा शून्य आली तर समजायचं, कुठला तरी तुकडा सुटा आहे किंवा बिजागरीसारखा लुळा आहे. भाचीच्या मॉडेलमध्ये शून्यं बारा आली. अँगलला जोडलेली भिंतीकडची प्लेट अख्खी सुटी होती.

जाळी कुठे बारीक, कुठे भरड

आता विणकाम. सॉफ्टवेअर एक आकडा मागतं: तुकडा किती मोठा हवा? बहुतेक जण अंदाजाने काहीतरी भरतात. पण या आकड्यामागे एक जुनं, सुरेख गणित आहे.

एक मिलिमीटर त्रिज्येचं भोक घ्या आणि त्याचा काठ सरळ रेघांनी काढा. आठ रेघा वापरल्या तर आतल्या अष्टकोनाचं क्षेत्रफळ २.८२८४ येतं. खरं उत्तर पाय, म्हणजे ३.१४१६. चूक दहा टक्के. सोळा रेघांनी ३.०६१५, चूक अडीच टक्के. बत्तीस रेघांनी ३.१२१४, चूक टक्क्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. रेघ अर्धी केली की चूक चौथाई होते, दर वेळी. आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी याच वाटेने ९६ बाजूंपर्यंत जाऊन पाय २२/७ पेक्षा लहान आणि २२३/७१ पेक्षा मोठा असल्याचं सिद्ध केलं होतं.

चूक चौथाईच होते हे एकदा कळलं की त्याचा फायदा उठवता येतो. सोळा रेघांच्या उत्तराची चौपट करा, त्यातून आठ रेघांचं उत्तर वजा करा, तीनने भागा: ३.१३९२. बत्तीस आणि सोळाच्या जोडीने हेच केलं तर ३.१४१४. म्हणजे दोन भरड उत्तरांवरून बारीक जाळीच्या पलीकडचं उत्तर हाती येतं. म्हणूनच आम्ही कधी एका जाळीवर भरवसा ठेवत नाही. तीच वस्तू दोन किंवा तीन वेगवेगळ्या बारकाईने विणतो आणि उत्तर कुठे स्थिरावतंय ते पाहतो. याला कन्व्हर्जन्स तपासणं म्हणतात. एकाच जाळीवरचं उत्तर म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष.

मग सगळीकडेच बारीक का नको? घन जाळीत तुकड्याची कड अर्धी केली तर तुकडे आठपट होतात. पुन्हा अर्धी केली तर चौसष्टपट. लॅपटॉप हात टेकतो.

म्हणून जाळी बारीक कुठे करायची हे माणसाने ठरवायचं. जिथे ताण जास्त तिथे, असं पुष्कळांना वाटतं. बरोबर उत्तर आहे: जिथे ताण झपाट्याने बदलतो तिथे. ताण भरपूर पण सगळीकडे सारखा असेल तर दोन तुकडेही पुरतात.

पत्र्याला दोन्ही बाजूंनी ओढलं आणि मधोमध गोल भोक असेल तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. हे गणित कर्श यांनी १८९८ सालीच मांडलंय आणि आमच्या धंद्यात ते पहिल्या महिन्यात पाठ होतं. पण तिप्पटपेक्षा पुढची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. काठापासून अर्धी त्रिज्या दूर गेलं की तिपटीचा दीडपट होतो. एक अख्खी त्रिज्या दूर गेलं की १.२२ पट. म्हणजे सगळा खेळ एका त्रिज्येच्या आत आटोपतो. आता भोकाच्या काठाला एका त्रिज्येएवढा मोठा, सगळ्यात साधा तुकडा लावला तर? असा तुकडा पोटात एकच सरासरी ताण धरून बसतो. ढोबळ हिशेबाने तो सांगेल १.७ पट. त्रिज्येत चार तुकडे बसवले तर काठाचा तुकडा सांगेल २.४ पट. आठ बसवले तर २.६, सोळा बसवले तर २.८. खरा ताण ३. ब्रॅकेट तोच, भोक तेच, आणि कोणी १.७ वर समाधान मानून सही केली तर काठावरचा प्रत्यक्ष ताण त्याच्या आकड्याच्या पावणेदोन पटींहून जास्त असतो.

बोल्टच्या भोकाभोवती आम्ही चौकोनांच्या दोन गोल रांगा आधी बसवून घेतो. तिला वॉशर म्हणतात, कारण ती वॉशरसारखीच दिसते. त्यानंतरच बाकीचा पत्रा विणायचा. जाळी काठाजवळ दाट, मग हळूहळू विरळ होत गेली पाहिजे. लहान तुकड्याला खेटून एकदम दहापट मोठा तुकडा आला तर तिथेच खोटी हालचाल दिसायला लागते.

तुकड्यांचा आकार हा आणखी एक प्रश्न. चौकोन चौकोनासारखा असावा, त्रिकोण शक्यतो समभुजाकडे झुकणारा. सुईसारखा निमुळता त्रिकोण गणिताला मानवत नाही. हे समजावायला मी फळांच्या टोपलीतून संत्रं घेतलं. सोललेल्या संत्र्याच्या फोडी पाहा. मधोमध छान रुंद, आणि देठाकडे नि बुडाकडे सगळ्यांची टोकं एका बिंदूत घुसलेली. गोलाला उभ्या-आडव्या रेघांनी विणलं की नेमकं हेच होतं. पोटावर चौकोन, ध्रुवांवर सुया.

दीक्षाभूमीचा स्तूप हा असाच एक भव्य पोकळ घुमट. समजा, सरावासाठी त्याच्या आकाराचा घुमट विणायला घेतला. पहिलं कोणाच्याही मनात येतं ते म्हणजे माथ्यापासून खाली उतरणाऱ्या रेघा, संत्र्यासारख्या. माथ्यावर सगळ्या रेघा एकत्र येतात आणि सुया तयार होतात. त्याऐवजी माथ्यावर आधी एक फुगीर चौरस बसवायचा, त्याच्या चार कडांपासून चार पट्टे खाली काठापर्यंत सोडायचे, आणि प्रत्येक पट्टा वेगळा विणायचा. सगळीकडे ठीकठाक चौकोन मिळतात. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर मात्र चारऐवजी तीनच रेघा भेटतात, आणि ती तडजोड टाळता येत नाही. ऑयलरचा नियम आहे: बंद गोलासारख्या कुठल्याही जाळीत कोपरे वजा कडा अधिक पृष्ठभाग यांची बेरीज दोनच येते. फुटबॉलवर नुसते षटकोन बसत नाहीत, बारा पंचकोन घालावेच लागतात, तेही याच नियमामुळे. गोलाईची ही अडचण कुठेतरी राहणारच. ती कमी ताणाच्या जागी नेऊन ठेवायची एवढंच आपल्या हातात.

जिथे असे पट्टे पाडणं जमत नाही तिथे त्रिकोण. संगणक त्रिकोण कसे ठरवतो? बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ साली दिलेली कसोटी आजही वापरतात. ठिपके टाकलेले आहेत असं समजा, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे, पण वेडेवाकडे. कोणतेही तीन ठिपके जोडून त्रिकोण केला आणि त्या तिन्हींतून जाणारं वर्तुळ काढलं, तर त्या वर्तुळाच्या आत चौथा ठिपका नको. एवढं पाळलं की सपाट जाळीतले सगळ्यात निमुळते कोन शक्य तितके मोठे राहतात. घन आकारात वर्तुळाच्या जागी गोल येतो, पण तिथे ही हमी टिकत नाही. चार ठिपके गोलाच्या विषुववृत्तावर जवळजवळ एकाच पातळीत आले तर कसोटीत बसणारं, तरीही पापडासारखं चपटं चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा तुकडा, तयार होतं. म्हणून चांगला मेशर, म्हणजे जाळी विणणारा प्रोग्राम, विणून झाल्यावर असे चपटे तुकडे शोधतो आणि ठिपके सरकवून ते मोडतो. जीमेश नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे सगळं करतं. विद्यार्थ्यांनी महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींमागे न लागता फ्रीकॅड, जीमेश आणि कॅल्क्युलिक्स यांवर हात बसवावा असं माझं कळकळीचं मत आहे. मूळ गणित सगळीकडे तेच.

चतुष्फलकांबद्दल एक इशारा. चार कोपऱ्यांचं साधं टेट्रा सगळीकडे बसतं, म्हणून सॉफ्टवेअर बहुतेकदा तेच देऊ करतं. पण ते फार ताठ असतं. वाकणाऱ्या पट्टीत त्याचा एकच थर दिला तर पट्टी खऱ्यापेक्षा खूप कमी वाकलेली दिसते आणि आपण खूश होतो. प्रत्येक कडेच्या मध्यावर जास्तीचा नोड असलेलं दहा नोडचं टेट्रा घ्यावं. त्याच्या कडा वाकू शकतात, त्यामुळे भोकाची गोलाईही चांगली पकडली जाते.

कामाच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून जे झालं तेही तिला सांगितलं. एका यंत्राच्या चौकटीत दोन प्लेटी काटकोनात भेटत होत्या आणि आतल्या कोपऱ्यातली गोलाई मीच साफसफाईत काढून टाकली होती. पहिल्या जाळीत तिथे ताण १८० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) आला. जाळी बारीक केली तर २४०. आणखी बारीक केली तर ३२०. मी दोन दिवस आणि एक अख्खी रात्र जाळी बारीक करत बसलो, उत्तर थांबायची वाट पाहत. ते थांबणारच नव्हतं. अगदी धारदार आतल्या कोपऱ्यात गणितानुसार ताणाला अंतच नाही, जाळी जितकी बारीक तितका आकडा मोठा. प्रत्यक्षात कुठलाच कोपरा इतका धारदार नसतो, वेल्डची नाहीतर ओतकामाची काही तरी गोलाई असतेच. मी काढलेली ५ मिलिमीटरची गोलाई परत घातली आणि तिसऱ्या जाळीत आकडा स्थिरावला. तोवर घाबरून प्लेट जाड करायचा निरोप पुढे गेला होता, आणि त्या जास्तीच्या लोखंडाचे पैसे कोणाला तरी भरावे लागले. ती बोच अजून आहे.

उलटी चूक जगाने पाहिलीय. नॉर्वेत स्लाइपनर ए नावाचा समुद्रातला तेल-वायूचा फलाट बांधत होते. त्याचा काँक्रीटचा प्रचंड पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत पाण्यात उतरवून तपासत असताना एक भिंत फुटली आणि अख्खा पाया तळाशी गेला. माणसं वाचली, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं झालं. चौकशीत दिसलं की गोल कप्प्यांमधल्या तिकोनी जागेच्या भिंतींवरची जाळी फार भरड होती आणि तिचे तुकडे तिरपे होते. त्यामुळे भिंतींमधला कातर-ताण (कात्रीसारखा एक भाग दुसऱ्यावरून सरकवू पाहणारा ताण) ४७ टक्क्यांनी कमी मोजला गेला, आणि त्या आकड्यावरून घातलेल्या सळया अपुऱ्या पडल्या. नंतर नीट विणलेल्या जाळीने पुन्हा हिशेब केला तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. ती प्रत्यक्षात फुटली होती ६५ मीटरवर. गणितात तोवर काही बदल झालेला नव्हता, जाळी तेवढी बदलली.

हे ऐकून भाची गप्प झाली. मग तिने स्वतःहून लॅपटॉप पुढे ओढला आणि सगळं पुसून दहा तुकड्यांच्या रेघेपासून सुरुवात केली.

पहिली तपासणी वजनाची. तिच्या मॉडेलने ६०० मिलिमीटर अँगलचं वजन सव्वादोन किलोच्या थोडं वर सांगितलं. ५०×५०×५ चा अँगल मीटरला ३.८ किलो भरतो, म्हणजे जमलं. मिलिमीटर-न्यूटन या हिशेबात पोलादाची घनता दर घन मिलिमीटरला किती टन अशी द्यावी लागते, ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात, आणि तिथे शून्यांचा घोटाळा झाला तर तो वजनातच उघडा पडतो.

मग हाताने हिशेब. भिंतीत पक्का रोवलेला अँगल, त्यावर सारखं पसरलेलं ५०० न्यूटन वजन. टोक किती खाली जाईल? सूत्रात आकडे घातले तर उत्तर ०.६१ मिलिमीटर. तिच्या मॉडेलने दाखवलं ०.९४.

"मेश चुकली असेल," ती म्हणाली. दहाचे वीस तुकडे केले, वीसचे चाळीस. ०.९४ हलेना. उत्तर स्थिर आहे म्हणजे जाळीचा दोष नाही. मग दुसरा कोणाचा? तिने आकृती फिरवून वरून पाहिली आणि ओरडली, "मामा, हा बाजूला पण जाऊन राहिला ना!" टोक खाली ०.९४ आणि आडवं ०.५५ मिलिमीटर सरकलं होतं. अँगल एल आकाराचा. त्याचा छेद उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखा नसतो, म्हणून खाली दाबला की तो तिरपा जातो. हाताच्या हिशेबात आम्ही पुस्तकातलं चौकोनी दांडीचं सूत्र वापरलं होतं, आणि त्यात बाजूला सरकणं बसतच नाही. तिरप्या वाकण्याचं सूत्र लावलं तर हातानेही ०.९४ आलं.

मग तिने दोन्ही ब्रॅकेट एकत्र मांडले, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे, आणि पुढची टोकं एका आडव्या पट्टीने जोडली. एक ब्रॅकेट डावीकडे जायला पाहतो, दुसरा उजवीकडे. पट्टी दोघांना धरून ठेवते. खालचं वाकणं पुन्हा ०.६१ वर आलं, आडवं सरकणं जवळजवळ शून्य.

संध्याकाळी आमचे फॅब्रिकेशनवाले काका नवीन ब्रॅकेट घेऊन आले. पुढे आडवी पट्टी वेल्ड केलेली होतीच. भाचीने विचारलं, ही कशासाठी लावता? त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला, दोन्ही हातांचे पंजे समोर धरून बाहेरच्या बाजूला कलते करून दाखवले आणि म्हणाले, "नाही लावली तर अँगल फाकते, बेटा."

तिने ते वाक्य प्रोजेक्टच्या वहीत, ०.५५ च्या शेजारी लिहून ठेवलं. मग आम्ही चौघांनी मिळून कूलर वर चढवला आणि टाकी भरायला पाइप लावला.